फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल बसवताय? आधी सेन्सरचं बघा

ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक जागेवर फिरायला लागलं की इंजिनची ताकद आपोआप कमी करणाऱ्या सोयीचा विषय निघाला की सगळे पहिलं विचारणार ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) कुठला घेऊ, पॉवर कट इग्निशनवर करू का फ्युएलवर, आणि सेन्सर कुठला लावणार म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बघू, लावू की कुठलातरी प्रॉक्सिमिटी". आणि सगळं गंडतं ते इथंच राव. ईसीयू कितीही भारी असूदे, चाकाची पकड सुटलीय हे त्याला उशिरा कळत असेल तर तो पॉवर कापणार ती पण उशिराच, म्हणजे चाक आधी भुर्रकन फिरणार, मग इंजिन एकदम मरगळणार, मग परत फिरणार, आणि तुम्ही म्हणणार ट्यूनिंग चुकलंय. ट्यूनिंग नाही चुकलेलं, माहितीच शिळी येतीय.

हे कुणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. ज्यांची जुनी पुढच्या चाकावर चालणारी हॅचबॅक आहे, ट्रॅक्शन कंट्रोल कंपनीतनं आलेला नाही, आणि मातीतल्या ऑटोक्रॉस शर्यतीसाठी किंवा नुसत्या हौसेसाठी स्टँडअलोन, म्हणजे बाहेरनं घेऊन बसवलेल्या ईसीयूवर (मेगास्क्वर्ट ३ सारख्या ईसीयूत ट्रॅक्शन कंट्रोलची सोय असतेच) किंवा स्वतःच्या बोर्डावर हे करायचंय. गाडीला ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून कंपनीचीच इलेक्ट्रॉनिक सोय) असेल तर तुमच्याकडं हे सगळं आहेच, बटण दाबा आणि पुढं वाचू नका. आणि ब्रेकच्या लाईनला हात लावून एकेक चाक ब्रेक करायचा विचार असेल तर तो डोक्यातनं काढा, आपण फक्त इंजिनची ताकद कमी करणार, ब्रेक कंपनीनं दिलाय तसाच राहणार.

आपल्याकडं हे लागतंच का म्हणाल तर पावसाळ्यात साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून बघा. वळणावर दुसऱ्या गिअरला जरा पाय जास्त पडला की आतलं पुढचं चाक फिरतं. चढावर आणि ॲक्सिलरेशनमध्ये वजन मागं सरकतं, म्हणजे जी चाकं गाडी ओढतायत त्यांच्यावरचाच भार कमी होतो, त्यात वळणात आतल्या चाकावरचा अजून कमी, त्यात कासकडनं वाहून आलेली लाल माती. ऊसाच्या सीझनला शेंद्र्याच्या बाजूला ट्रॉल्यांच्या टायरची माती रस्त्यावर पडते आणि त्यावर अवकाळी शिंतोडले तर तिथं पण तोच प्रकार.

मागची चाकं म्हणजे खरी पट्टी

फ्रंट व्हील ड्राइव्हचं एक नशीब आहे. मागच्या चाकांना इंजिन जोडलेलंच नाही, ती नुसती रस्त्याबरोबर गडगडत येतात, म्हणजे गाडीचा खरा वेग फुकटात मिळतो. फोर व्हील ड्राइव्हवाल्यांना हे सुख नाही, त्यांची चारीच्या चारी खोटं बोलू शकतात. आपलं गणित साधं, पुढच्या चाकाचा वेग वजा मागच्याचा, भागिले मागच्याचा, आलेला आकडा म्हणजे स्लिप. कोरड्या डांबरावर साधारण १० ते १५ टक्के स्लिपला टायरची पकड सगळ्यात जास्त असते, त्याच्या पुढं गेलं की नुसता धूर आणि आवाज. सुट्या मातीत आणि खडीत मात्र जास्त स्लिप लागते, चाक थोडं खणत गेलं तरच गाडी पुढं जाते, म्हणून स्लिपची मर्यादा बदलायला डॅशबोर्डवर एक नॉब ठेवायचाच.

आता यातली मेख बघा. लोक चांगला सेन्सर पुढं लावतात कारण चाक पुढचं सुटतं, आणि मागं काहीतरी चालढकल. उलटं पाहिजे. पुढचं चाक सुटलं की ते जोरात फिरतं, पल्स (चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगचा एकेक दात सेन्सरसमोरनं गेला की मिळणारा एकेक ठोका) धडाधड येतात, तिथं साधा सेन्सर पण भागवतो. हळू फिरत असतं ते मागचं चाक, आणि गाडी १० च्या वेगानं चिखलातनं निघायला बघतीय तेव्हा मागच्या सेन्सरनं नीट आकडा दिला नाही तर भागाकाराच्या खालीच बोंब. म्हणून पैसे कमी असतील तर भारी सेन्सर मागं लावा.

मागं पण दोन्ही चाकांना लावा. एकावर भागवलं की वळणात फसता, बाहेरचं आणि आतलं वेगवेगळं फिरतं. शिवाय जोरात वळण घेताना छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्या आतलं मागचं चाक चक्क उचलतात, फोटोत बघितलं असेल तुम्ही, तीन पायांवर गाडी. हवेतलं चाक रस्त्याचा वेग सांगत नाही, ते हळूहळू मंदावतं आणि ईसीयूला वाटतं पुढची फिरतायत. दोन असले की दोघांपैकी जास्त वेगवाला धरायचा, काम झालं.

आणि पुढं? पुढं पण दोन. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक ४० ला फिरत असेल आणि दुसरं गप उभं असेल तर सरासरी येते २०. गिअरबॉक्सवरचा जो स्पीडोमीटरचा सेन्सर असतो तो ही सरासरीच सांगतो. म्हणून "गिअरबॉक्सचा सेन्सर आहेच की, पुढचे दोन वाचले" हे सुरुवातीला टेस्टिंगला ठीक, दोन्ही चाकं एकदम सुटली तर त्यात दिसतं पण. पण घाटातला आपला त्रास एका चाकाचा असतो, तो त्यात अर्धाच दिसतो.

सेन्सरच्या आधी दात मोजा

सेन्सर कुठल्या जातीचा ह्यावर लोक तासभर भांडतात, आणि एका फेऱ्यात पल्स किती मिळणार हे कुणी विचारत नाही. हिशोब करून बघू. १८५/६५ आर १५ टायरचा घेर १.९५ मीटरच्या आसपास. गाडी ताशी १८ किमीला, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, चाकाचे सेकंदाला अडीच फेरे. आता चाकाच्या चार बोल्टवर सेन्सर धरला तर सेकंदाला दहाच पल्स, दोन पल्समध्ये जवळजवळ १०० मिलिसेकंद. तेवढ्यात चाक सुटून मोकळं झालेलं असतं. तेच ४८ दातांची रिंग असेल तर सेकंदाला सव्वाशेच्या आसपास, दर ८ मिलिसेकंदाला नवा आकडा. फरक सेन्सरचा नाही, दातांचा आहे.

वरच्या टोकाची काळजी करायची गरज नाही. ४८ दातांवर ताशी १८० ला पण १२०० हर्ट्झच्या थोडंसं वर जातं, आजकालचा कुठलाही मायक्रोकंट्रोलर ते झोपेत करतो. सेन्सरच्या माहितीपत्रकावर "२० किलोहर्ट्झ" असं लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, तुम्हाला तेवढं कधीच लागणार नाही. कमीत कमी किती वेगाला तो जागा होतो ते वाचा. नसेल लिहिलं तर समजा काय ते.

मी म्हणेन कमीत कमी २४ दात, जमलं तर ४० च्या वर. कंपनीच्या एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या सोयीच्या) रिंगा साधारण तेवढ्याच्याच असतात, त्यांनी काय उगाच ठेवल्या नसतील.

आता सेन्सरच्या जाती

सगळ्यात जुना म्हणजे मॅग्नेट आणि कॉइलवाला, दोन वायरचा, ज्याला व्हीआर म्हणतात. त्याला सप्लाय लागत नाही, दात समोरनं गेला की तो स्वतःच व्होल्टेज तयार करतो. उष्णता, चिखल, धक्के सगळं सोसतो. मल्टीमीटरवर रेझिस्टन्स साधारण एक-दोन किलोओहमच्या घरात येतो आणि चाक हातानं फिरवलं की एसी मिलिव्होल्ट हलताना दिसतात, तपासायला एकदम सोपा. अडचण एकच पण मोठी, व्होल्टेज वेगावर अवलंबून असतं. चाक हळू फिरलं की सिग्नल बारीक होतो आणि अगदी रांगत असताना गायबच होतो. गॅप थोडी वाढली तरी तेच. शिवाय तो सिग्नल सरळ मायक्रोकंट्रोलरला देता येत नाही, मध्ये कंडिशनर, म्हणजे सिग्नल चौकोनी करून देणारी चिप लागते, जुन्या लोकांची एलएम१८१५ किंवा आता मॅक्स९९२६ जी दोन सेन्सर एका चिपवर घेते. पुढच्या चाकांना व्हीआर चालेल. मागं लावायचा असेल तर माझं मत विरोधात.

दुसरा म्हणजे आजकालच्या एबीएसवाल्या गाड्यांचा, हा पण दोन वायरचाच, म्हणून लोक फसतात. दिसायला सारखा पण आत चिप असते, ह्याला सप्लाय द्यावा लागतो आणि तो सिग्नल करंटमध्ये देतो, ७ मिलिअँप आणि १४ मिलिअँप अशा दोन पायऱ्या. ओहममीटर लावून ह्याचं काही कळत नाही, उगाच लावत बसू नका. ग्राउंडच्या बाजूला १०० ओहमचा रेझिस्टर टाका, त्याच्यावर ०.७ आणि १.४ व्होल्ट मिळतात, एलएम३९३ कंपॅरेटरला १ व्होल्टच्या आसपास थ्रेशोल्ड ठेवला की चौकोनी पल्स हातात. चाक कितीही हळू फिरूदे, पायरीची उंची तेवढीच राहते, हेच ह्याचं मोठेपण. वायरची दिशा मात्र बघून लावा, ह्याला प्लस मायनस आहे. आणि काही नव्या गाड्यांच्या सेन्सरमध्ये २८ मिलिअँपची तिसरी पायरी असते, त्यात दिशा वगैरे जादा माहिती कोंबलेली असते, तसला हाताशी आला तर डोकेदुखी घेऊ नका, साधा दोन पायऱ्यांचा शोधा.

ह्या सेन्सरबरोबर बऱ्याचदा दातांची रिंग नसतेच, बेअरिंगच्या सीलमध्येच मॅग्नेटचे पट्टे असतात, उत्तर दक्षिण उत्तर दक्षिण. डोळ्यांना काही दिसत नाही, साधं काळं सील वाटतं. बेअरिंग उलटं ठोकलं की ती बाजू सेन्सरकडं न येता पलीकडं जाते आणि सिग्नल शून्य, बिचारा सेन्सर बदलत बसतात लोक. ठोकायच्या आधी सीलजवळ टाचणी किंवा बारीक लोखंडी कीस धरून बघा, ज्या बाजूला चिकटतंय ती सेन्सरची. मग कीस पुसून काढा हां, तो तिथंच राहिला तर तोच पल्स खराब करतो. वर्कशॉपच्या टेबलावर स्पीकरच्या मॅग्नेटशेजारी बेअरिंग ठेवायचं नाही हे सांगायला नको.

तिसरा तीन वायरचा हॉल सेन्सर, गिअरचे दात वाचणारा, मागं मॅग्नेट आतच बसवलेला असतो. सप्लाय, ग्राउंड, सिग्नल. आउटपुट बहुतेक ओपन कलेक्टर, म्हणजे सिग्नलची वायर सप्लायकडं ओढून ठेवणारा पुल-अप रेझिस्टर तुम्ही लावायचा, तो विसरला की "सेन्सर डेड आहे" म्हणून परत द्यायला निघतात. हनीवेलचा १जीटी१०१डीसी हा ह्यातला जुना जाणता. रिंग स्वतः कापून घेणार असाल तर मागच्या चाकाला माझी पहिली पसंती हीच. फक्त एक बघा, ह्याला दात जरा जाड आणि खोल लागतात, मिलिमीटर दीड मिलिमीटरचे बारीक दात समोर ठेवले तर त्याला सपाट चकतीच दिसते. म्हणून सेन्सर आधी घ्या, त्याच्या कागदावरचं दाताचं माप बघा, आणि मग रिंग काढायला टाका.

चौथा आपल्या सगळ्यांचा लाडका, एम१२ प्रॉक्सिमिटी, धातू जवळ आला की सिग्नल देणारा. साताऱ्यात एमआयडीसी असल्यामुळं हा कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो, कुठल्यातरी मशीनवरनं निघालेला घरात पण पडलेला असतो, आणि म्हणूनच सगळे तोच लावतात. वाईट नाही तो. पण फॅक्टरीतल्या मशीनसाठी बनलाय हे लक्षात ठेवा. फ्लश टाइप (तोंडापर्यंत धातूत बुडवून बसवता येणाऱ्या) एम१२ ची रेंज २ मिलिमीटर, नॉन-फ्लशची ४, आणि ती पण लोखंडासमोर, ॲल्युमिनियमसमोर ती निम्म्याच्या खाली येते, म्हणून ॲल्युमिनियमची हलकी रिंग कापून घ्यायची हौस करू नका. बरेच मॉडेल ७० डिग्रीपर्यंतचेच असतात, पुढं डिस्कशेजारी घाट उतरताना किती तापतं ते तुम्हाला माहितीय. सप्लाय १० ते ३० व्होल्ट, स्टार्टर मारताना बॅटरी १० च्या खाली गेली की सेन्सर क्षणभर बावचळतो, म्हणून गाडी सुरू झाल्यावर पहिला सेकंदभर त्याचं ऐकायचं नाही असं प्रोग्रॅममध्ये टाका. स्विचिंग फ्रिक्वेन्सी पण वाचून घ्या, ५०० हर्ट्झचा असेल तर ४८ दातांवर ७० च्या पुढं तो मागं पडतो. २४ दातांवर चालेल. मागच्या ड्रमजवळ, २४ दात, फ्लश टाइप, पीएनपी (सिग्नलवर सप्लायचंच व्होल्टेज देणारा) घेतला तर व्होल्टेज डिव्हायडर टाकून बोर्डाला द्यायचा. एवढं पाळलं तर गरिबाचा चांगला सेन्सर आहे.

ऑप्टिकलचं नाव काढू नका. एक डबकं आलं की आंधळा.

जीपीएसवर ट्रॅक्शन कंट्रोल करू असं म्हणणारे पण भेटतात. फोनमधला सेकंदाला एकदा आकडा देतो, चांगला मॉड्यूल दहा वेळा, आणि तो पण थोडा शिळा. झाडीत आणि खंबाटकीच्या बोगद्यात तर विषयच संपला. जीपीएस एकाच कामाला घ्या, टायरचा घेर कॅलिब्रेट करायला.

गाडीला एबीएस असेल तर

२०१९ नंतरच्या बहुतेक गाड्यांना एबीएस आहेच, म्हणजे चार सेन्सर आधीच बसलेत. त्यांच्या वायरीला टाका मारून सिग्नल चोरायचा मोह होतो, करू नका. करंटवाल्या सेन्सरच्या लाईनमध्ये तुम्ही जादा रेझिस्टन्स घातला तर एबीएसचं गणित बिघडतं आणि ते ब्रेकचं काम आहे, तिथं खेळ नको. त्यापेक्षा एबीएसचा मॉड्यूल चारी चाकांचे वेग बहुतेक गाड्यांत कॅन लाईनवर (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या वायरीवर) टाकतच असतो, इतरांना लागतात म्हणून. ओबीडी पोर्टच्या (मेकॅनिक स्कॅनर लावतो त्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनवर कॅन मिळतो, वेग बहुतेक ५०० केबीपीएस. नुसतं ऐकायचं, काही पाठवायचं नाही. गाडी जॅकवर घेऊन एकच चाक हातानं फिरवा, जे आकडे हलतील ते त्या चाकाचे, असं करत चारी सापडतात. काही गाड्यांत मध्ये ही माहिती अडवणारा गेटवे बसवलेला असतो, मग ओबीडीवर हे दिसत नाही, आतल्या लाईनवर बघावं लागतं.

पण ओबीडीचा तो ब्लूटूथ डोंगल लावून जो स्पीड दिसतो त्याच्यावर काही करायला जाऊ नका. तो एकच आकडा, १ किमीच्या टप्प्यात, आणि विचारल्यावर सांगणार. त्यात स्लिप कसली दिसणार.

गाडी बिनएबीएसची असेल पण त्याच मॉडेलचं एबीएसवालं व्हेरियंट येत असेल तर सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे त्या व्हेरियंटचे मागचे हब किंवा ड्रम आणि सेन्सर मिळवणं, पार्ट नंबर जुळवून. रिंग बसलेली, सेन्सरची जागा ठरलेली, गॅप कंपनीची. जुन्या मालात घेतलं तर रिंग हातात धरून गोल फिरवून बघा, खाली गंज धरून ती तडकलेली असते, खास करून पुढच्या ड्राइव्ह शाफ्टवर सीव्ही जॉइंटला बसवलेली. तडकलेल्या रिंगेवर एक दात रुंद दिसतो आणि प्रत्येक फेऱ्याला वेग एकदा उडी मारतो.

बसवायचं कसं

रिंग स्वतः करायची असेल तर ३ मिलिमीटरच्या एमएस पत्र्यात लेझर कटिंग, फाईल नीट काढून दिली तर आत बाहेर एका दमात निघते. मागच्या ड्रमच्या आतल्या काठावर, बॅकिंग प्लेटच्या बाजूला बसवा, सेन्सरचा ब्रॅकेट बॅकिंग प्लेटच्याच बोल्टवर. नकल आणि स्टब ॲक्सलला (चाक ज्यांच्यावर बसतं त्या भागांना) भोक पाडायचं नाही, ड्रमला वेल्डिंग करायचं नाही, कितीही मिस्त्री म्हणूदे "काही होत नाही ओ". ब्रॅकेट जाड आणि आखूड पाहिजे. लांब ब्रॅकेट थरथरतो आणि थरथर म्हणजे खोटे पल्स. लेथवर रिंगचा रनआउट बघून घ्या, ती वाकडी फिरली तर एका बाजूला सेन्सरला घासते आणि दुसऱ्या बाजूला दिसतच नाही. गॅप फिलर गेजनं लावायची, अर्धा ते एक मिलिमीटरपासून सुरू करा, बेअरिंगला ढिलेपणा असेल तर आधी बेअरिंग बदला नाहीतर पहिल्याच खड्ड्यात सेन्सरचं तोंड जाईल.

वायर पिळलेली जोडी, वर शील्ड, आणि शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करायची, ईसीयूच्या बाजूला. इग्निशन कॉइल आणि तिच्या वायरींपासून लांब. पुढच्या चाकाला वायर ब्रेकच्या होजबरोबर न्या, त्याच क्लिपमध्ये, आणि बांधायच्या आधी गाडी जॅकवर घेऊन स्टिअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवून बघा, चाक लोंबकळत असताना पण वायर ताणता कामा नये. कनेक्टर वॉटरप्रूफ. आणि वरनं पीव्हीसीची जाड नळी घाला, कारण ऊस तुटला की शेतातले उंदीर गाड्यांत येतात आणि त्यांना नेमकी नवी वायर आवडते.

बोर्डाचं एक. अर्डुइनो ऊनोला बाहेरचे इंटरप्ट दोनच आहेत, २ आणि ३ नंबरच्या पिनवर, चार सेन्सर त्यावर नीट बसत नाहीत. एसटीएम३२ किंवा टीन्सी घ्या, टायमरच्या इनपुट कॅप्चरवर दोन पल्समधला वेळ मोजा. ठरावीक वेळात पल्स किती आले असं मोजत बसलात तर हळू वेगाला आकडा पायऱ्या पायऱ्यांनी उड्या मारतो.

वळणाचं भूत

सेन्सर बसले, आकडे येतायत, आणि तरी पार्किंगमध्ये वळताना इंजिन अडखळतंय? ते भूत नाही, भूमिती आहे. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात. व्हीलबेस २.४५ मीटर धरा, मागच्या ॲक्सलचा मध्य ६ मीटर त्रिज्येवर फिरतोय, तर पुढचा जवळजवळ साडेसहावर. म्हणजे चाक जरासुद्धा न सुटता ८ टक्के स्लिप दिसते! तुमची मर्यादा १० ची असेल तर खरी स्लिप दोन टक्के झाली की सिस्टीम कापायला सुरू. १५ मीटरच्या वळणाला मात्र हाच फरक दीड टक्क्याच्या आतच असतो. म्हणून स्टिअरिंग अँगल सेन्सर हा फ्रंट व्हील ड्राइव्हला चैन नाही. साधा पोटेन्शिओमीटर स्टिअरिंग कॉलमला छोट्या बेल्टनं जोडला तरी भागतं. तेवढं पण नको असेल तर मागच्या दोन चाकांच्या वेगातल्या फरकावरनं वळणाची त्रिज्या काढता येते, फुकट आहे, फक्त चाक हवेत गेलं की ते गणित कोलमडतं.

अजून दोन वायरी जोडायच्याच, ब्रेकचा स्विच आणि हँडब्रेकचा. मातीत हँडब्रेक ओढून गाडी फिरवणारे भरपूर, हँडब्रेक ओढला की मागची चाकं लॉक, मागचा वेग शून्य, आणि ईसीयूला वाटतं पुढची शंभर टक्के फिरतायत. नेमकी पॉवर पाहिजे तेव्हा ती गायब. ब्रेक किंवा हँडब्रेक लागला की ट्रॅक्शन कंट्रोल गप्प, एवढं लिहून टाका.

ॲक्सिलरोमीटर (वेग किती झपाट्यानं वाढतोय ते मोजणारा सेन्सर) लावावा का? एकटा नको. १० टक्क्यांच्या चढावर तो उभ्या गाडीत पण ०.१ जी दाखवतो, घाटात त्याच्यावर विश्वास ठेवून चालत नाही. राखणदार म्हणून ठीक. पण त्यातला एक विचार सेन्सर न लावता वापरता येतो, रस्त्यावरची साधी गाडी सेकंदात ताशी ३५ किमीनं वेग वाढवू शकत नाही, तो झाला पूर्ण १ जी. मागच्या चाकाचा वेग त्याच्यापेक्षा जोरात वाढताना दिसला तर तो गोंगाट आहे, तो आकडा फेकून द्या.

तपासणी

पहिलं काम जॅकवर. प्रत्येक चाक हातानं सावकाश (व्हीआर असेल तर जरा जोरात) फिरवा आणि बोर्डावरची एलईडी बघा, एका फेऱ्यात जितके दात तितक्या वेळा ती लागली पाहिजे, एक कमी नाही एक जास्त नाही. मग इंजिन चालू करून, चाकं थांबलेली ठेवून रेस द्या. आता एकही पल्स येता कामा नये, आला तर वायरिंगमध्ये इग्निशनचा आवाज शिरतोय.

नंतर सरळ मोकळ्या रस्त्यावर ४० ला एकसारखी चालवून लॉग घ्या, ॲक्सिलरेटर हलकाच. चारी चाकांचे आकडे जवळजवळ सारखे यायला पाहिजेत. पुढं नवे टायर आणि मागं झिजलेले असतील तर दोन टक्क्यांपर्यंत फरक नुसता त्यातनंच येतो, तो गुणक टाकून काढून टाका आणि टायर बदलले की परत काढा. मग मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा आणि वर सांगितलेली खोटी स्लिप लॉगमध्ये दिसतीय का बघा, ती दिसली म्हणजे सेन्सर बरोबर आहेत.

उभ्या गाडीला मागचा वेग शून्य असतो आणि शून्यानं भागता येत नाही, म्हणून ८-१० किमीच्या खाली टक्केवारी सोडा आणि सरळ फरक बघा, पुढचं चाक मागच्यापेक्षा ताशी ४-५ किमीनं पुढं गेलं की कापा, असं. ओल्या मातीवर एका खाजगी प्लॉटमध्ये हे आकडे लावा. कासच्या रस्त्यावर रविवारी टेस्टिंग करणारे महाभाग आहेत, सप्टेंबरमध्ये तिथं फुलांपेक्षा माणसं जास्त असतात, तिथं नका जाऊ.

पॉवर इग्निशन कापून कमी करणार असाल तर न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो, म्हणून जास्त वेळ कापत ठेवू नका, टायमिंग मागं घेणं किंवा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर तो बंद करणं बरं.

पहिल्या पावसातनं फिरून आलात की चारी गॅप परत फिलर गेजनं बघा आणि सेन्सरच्या तोंडावरचा लोखंडी कीस पुसा, ब्रेकचा चुरा तिथं चिकटतोच. आणि स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर ती लावल्यावर ट्रॅक्शन कंट्रोलचा स्विच बंद करून घरी या, मेन स्विच म्हणून एक साधा टॉगल डॅशबोर्डवर पाहिजेच, प्रोग्रॅममधला नाही, वायर तोडणारा.